मायची भूक

माझ्या मायला भूक लागत नव्हती. तिचं पोट फुगायचं, आंबट ढेकर यायचे, मुरडा उठला की सकाळी सकाळी पळापळ व्हायची आणि मग मध्येच चार-चार दिवस सगळं ठप्प. पण हे तिच्या लेखी दुखणं नव्हतंच. "पोट हाये वं, गुरगुर करनच," असं म्हणायची आणि मासोळीची टोपली उचलून बाजाराला चालू लागायची. वर्षानुवर्षं हेच.

आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली. बाबा जाळं टाकतात, माय विकते. रोज वेगळ्या गावचा बाजार, पण ओळ तीच. मासोळीवाल्या बायांची ओळ. या बाया जिथं जातील तिथं एकीच्या बाजूला एक अशा बसतात, आणि कोण कोणाच्या बाजूला बसणार हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं आहे. मी शिकले, मास्तरीण झाले, नोकरीपायी अहेरीला जाऊन राहिले. माझ्या नाकावर राग असतो हे शाळेतली पोरंच काय, शिपाईसुद्धा सांगेल. तो मला मायकडून आलेला नाही. माय म्हणजे थंड पाणी.

त्या दिवाळीला घरी गेले तर तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तिचा हात धरला आणि माझं डोकंच फिरलं.

"हे काय करून घेतलं तू? हाडं राह्यली फक्त!"

"काम करते मानूस तं वाळतेच," ती म्हणाली. "तू बस ना. पातोडी करू काय तुयासाठी?"

म्हणजे पुन्हा मीच खायचं. मी तिला चंद्रपूरला नेलं. तिथं सगळ्या तपासण्या झाल्या आणि काही भलतंसलतं निघालं नाही, देवाची कृपा. गोळ्या मिळाल्या. गोळ्या होत्या तोवर बरं, संपल्या की पुन्हा पहिले पाढे. तेव्हा बाबाच म्हणाले, सिंदेवाहीत एक आयुर्वेदाच्या डॉक्टरबाई आहेत, जुनाट पोटाचं त्या चांगलं पाहतात. माझा फार विश्वास नव्हता, पण मायचा हात पाहिल्यावर विश्वास-बिश्वास कोण पाहतो?

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. केस मात्र पांढरे, बोलणं एकदम सुटसुटीत. त्यांनी चंद्रपूरचे कागद आधी नीट वाचले, मग नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "भूक लागते का?"

"जेवतो ना जी," माय म्हणाली.

"जेवता ते कळलं. भूक लागते का?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. जणू मुलगी शिकलेली आहे, हिला माहीत असेल. मग बराच वेळ विचार करून म्हणाली, "लहान होती तवा लागे."

मला हसू आलं आणि अर्ध्यातच गिळलं. या बाईच्या हातचं खाऊन मी वाढले. शाळेतून आल्या आल्या "माय, भूक" म्हणून ओरडायचे, आणि तिनं हा शब्द स्वतःसाठी वापरलेला मी एकदाही ऐकला नव्हता. हे मला तिथं, त्या बाकावर बसून कळलं.

डॉक्टरबाईंनी मग तिचा दिवस विचारला. पहाटे काळा चहा, मग तलाव, टोपली, ऑटो, बाजार. बाजार उठेपर्यंत पोटात अन्न नाही, पाणीही नाही.

"पाणी का नाही पीत?"

माय लाजली. हळूच म्हणाली, "पानी पेली तं जावं लागते जी. बाजारात बाईनं जावं कुठी?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि मायला कळेल अशा भाषेत समजावलं. पोटात एक चूल असते. तुम्ही तिला दिवसभर उपाशी ठेवता आणि अंधार पडल्यावर एकदम भातानं गच्च भरता. विझत आलेल्या चुलीत ओली लाकडं कोंबल्यावर काय होतं? धूर. तोच हा फुगारा, हेच ढेकर. वर तहान दाबायची, लघवी दाबायची, संडासची हाजत दाबायची. शरीरानं मागितलेलं दाबून ठेवलं की वारा उलटा फिरतो. "आणि भूक तर तुम्ही इतकी वर्षं दाबली बाई, की ती बिचारी रुसून माहेरी गेली. तिला आणायचं आहे परत."

उपाय काही फार मोठा नव्हता. जेवणाआधी आल्याचा तुकडा, मिठाचा खडा लावून. एक वर्ष जुने तांदूळ, कोरडे भाजून केलेली पातळ पेज. दुपारी, गरम, बसून, घाई न करता. पहिल्या घासाला साजूक तूप आणि त्यात हिंगाष्टक चूर्ण. वरून ताजं ताक, लोणी काढलेलं, त्यात सुंठ आणि जिरं. रात्री थोडंच, तेही लवकर. पाणी पाहिजे तेव्हा प्यायचं आणि जावंसं वाटलं की जायचं. मासोळी काही दिवस बंद, मग हळूहळू पातळ रस्सा.

"कधी बरी होईन जी?" मायनं विचारलं.

"पी हळद आन् हो गोरी, असं नसतं हे. महिने लागतील. पण खूण सांगते. ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणाल की भूक लागली, त्या दिवशी मी औषध थांबवीन."

बाहेर आल्यावर मी तिला स्पष्ट बजावलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पाहतो मी. फरक नाही पडला तर बाजार बंद. तुझी टोपली विकून टाकीन आणि तुला अहेरीला घेऊन जाईन. कायमची." रागावले की मीही मायसारखं "पाहतो, जातो" बोलते, शाळेतलं सगळं व्याकरण गळून पडतं. मायचा चेहरा उतरला. चंद्रपूरला सुया टोचल्या तेव्हाही नव्हता उतरला इतका.

मग सगळा भार बाबांनी घेतला. जाळं काढून आले की आधी तांदूळ भाजायचे, पेज टाकायचे, डबा कापडात गुंडाळून टोपलीत ठेवायचे. जुने तांदूळ आमच्याकडं कुठले, नवे आले की जुने संपलेलेच असतात. एका शेतकऱ्याच्या कणगीतून मासोळी देऊन आणायचे. शेजारचे चिडवायचे, "काय भाऊ, वहिनीची बायको झाला काय तू?" बाबा म्हणायचे, "हो, झालो. तुले काय तरास?"

मी रोज अहेरीहून फोन करायचे.

"चूर्ण घेतलं?"

"घेतलं वं."

"ताक?"

"तेबी."

आणि खरंच घेत असणार, कारण चूर्णाच्या बाटल्या भराभर संपत होत्या. बाबा दर थोड्या दिवसांनी सिंदेवाहीला जाऊन नवी आणायचे. मला वाटायचं, काय गुणाची माय माझी! एवढी शहाणी तर माझ्या वर्गातली पोरंही नाहीत. पण पोट तसंच. बांगड्या तशाच. शेवटी डॉक्टरबाईंनीच मला फोन केला आणि विचारलं, "तुमची आई चूर्ण खाते की पेरते? इतकं चूर्ण एका पोटात गेलं असतं तर आतापर्यंत तिनं दगड पचवले असते."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढची सुट्टी आली तशी मी कोणाला न सांगता निघाले आणि घरी न जाता सरळ त्या दिवशीच्या बाजारात उतरले.

भर दुपार. ओळीच्या मागं एक कडुनिंब आहे, त्याच्या आड उभी राहिले. मायनं डबा काढला. मला बरं वाटलं. मग तिनं ताकाची मोठी बाटली काढली, एक घोट घेतला आणि बाटली उजवीकडं दिली. उजवीकडचीनं तिच्या उजवीकडं. बाटली ओळीच्या टोकापर्यंत गेली, परत आली तेव्हा तळाशी पांढरं पाणी. मग चूर्ण निघालं. सगळ्यांचे तळहात पुढं झाले, तंबाखूच्या खर्र्यासाठी होतात तसे. माय एकेकीच्या हातावर चिमूट चिमूट टाकत गेली आणि शेवटी बोटाला लागलेलं स्वतः चाटलं. पेजसुद्धा पळसाच्या द्रोणांत वाटून झाली. डबा रिकामा.

"लय गुणाचं औशद हाये डॉक्टरबाईचं," ओळीतली सगळ्यात म्हातारी मावशी म्हणाली. "माये तं ढेकरच गेले बापा."

"माया मुरडाबी थांबला," दुसरी म्हणाली.

अख्खी ओळ बरी झाली होती. माझी माय सोडून.

मी झाडामागून अशी काही निघाले की समोरची दोन कुत्री पळाली. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण लाज काढली एवढं नक्की. आजारी बाईच्या तोंडचं औषध खाता, तुम्हाले काही वाटते का? आणि तू वं माय, ताकाला जाऊन भांडं लपवते? रोज फोनवर घेतलं-घेतलं करते आणि इथं दानधर्म चालू ठेवला! गिऱ्हाईकं थांबून पाहायला लागली.

आणि माय उठली. जन्मात पहिल्यांदा ती माझ्यावर चिडलेली मी पाहिली.

"ओळीत बसून एकटीनं खाऊ काय मी?" ती म्हणाली. "तुया जल्माच्या वेळेस मी महिनाभर घरी होती, तवा मायी मासोळी कोनं विकली? तुले टायफाईड झाला तवा? तू शिकून राह्यली होती, मी तुले पाहाले नागपूरले यायची, तवा ही टोपली कोनं पाह्यली? ओळीत जे उघडलं ते ओळीचं. तसंच असते इथी."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तिच्या मनगटाची हाडंही खोटी नव्हती. एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात ते ठीक आहे, पण आजाऱ्याचं औषध सात जणांत वाटलं तर आजाऱ्यानं काय करायचं? मी उन्हाळ्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी तिला बसमध्ये बसवून अहेरीला आणलं. ती आली. भांडली नाही, रडली नाही. टोपली मात्र तिनं घासून, उलटी करून, उन्हात वाळत ठेवली होती.

अहेरीत सगळं डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच केलं. आलं, तूप, पेज, ताक. घरात संडास, हंडाभर पाणी, अडवणारं कोणी नाही. मधल्या सुट्टीत मी शाळेतून धावत घरी यायचे आणि तिच्यासमोर बसून तिला जेवू घालायचे. आणि गुण आला! फुगारा गेला, मुरडा गेला, सकाळ वेळेवर व्हायला लागली. अंगावर थोडं मांसही दिसायला लागलं. मला तर आकाश ठेंगणं झालं.

पण भूक काही आली नाही. घड्याळ वाजलं म्हणून ती जेवायची, मी समोर बसले म्हणून जेवायची. विचारलं की म्हणायची, "टाइम झाला ना? मंग वाढ." एकदा अहेरीचा बाजार होता, ती न सांगता गेली. मी जीव मुठीत धरून शोधत फिरले, तर बाई मासोळीवाल्यांसमोर उभी. त्या बाया आपसांत तेलुगू बोलत होत्या, हिला एक शब्द कळत नव्हता, तरी उभी.

"काय करून राह्यली इथी?"

"काई नाई. पाहून राह्यली. या बायाचा बर्फ कमी हाये वं, मासोळी नरम पडून राह्यली," ती म्हणाली आणि माझ्यामागून मुकाट घरी आली. त्या दिवशी तिनं अर्धी पेज ठेवली.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पोट सुधारलं, ते उत्तमच झालं. आता मन कुठं आहे तेही पाहा. मन लागलं नाही तर जेवण अंगी लागत नाही, हे आमच्या शास्त्रातही आहे आणि तुमच्या घरातही असेल." मी फोन ठेवला आणि चिडून भांडी घासत बसले. शास्त्रात असेल हो, पण मी काय करू? पाठवू तिला परत, बोटाला लागलेलं चाटायला?

तेव्हाच त्या म्हाताऱ्या मावशीचा फोन आला. कोणाच्या तरी मोबाईलवरून, नेहमीप्रमाणे ओरडून. "पोरी, तू लय बोलली आमाले. पन खरं बोलली. आमाले माहीत नोतं वं बाई ती सोतासाठी काई ठेवत नाई. तिनं सांगतलंच नाई कधी. आता आयक. आमी बसून ठरवलं हाये."

त्यांनी ठरवलं होतं ते असं. दुपारी अर्धी ओळ उठून झाडाखाली जेवेल, अर्धी सगळ्यांच्या टोपल्या पाहील, मग उलट. ताक रोज एकीनं आणायचं, सगळ्यांसाठी, बरणीभर. ज्या गावच्या बाजारात बसतात तिथं जवळचं एक घर धरायचं, घरवालीला मासोळी द्यायची आणि तिच्या संडासात ओळीतल्या बायांनी जायचं. आणि मायचं चूर्ण आणि पेज, त्याला कोणी हात लावायचा नाही. "तिची जागा तशीच हाये," मावशी म्हणाली. "बाजूवाली सरकली नाई. आन तिले."

मी रडले. सांगायला लाज कसली, ढसाढसा रडले. या बायांना मी भर बाजारात काय काय बोलले होते आणि त्या माझ्या मायची रिकामी जागा सांभाळून बसल्या होत्या.

तिला परत नेलं. टोपली बाबांनी आधीच भिजवून तयार ठेवली होती. पहिले काही दिवस मी सुट्टी काढून ओळीच्या मागं बसून राहिले, पहारेकऱ्यासारखी. मायला नवा नियम कळला होता, पण हात ऐकत नव्हता. डबा उघडला की हात आधी उजवीकडं जायचा, मग डावीकडं. त्या बायाही काय! नको म्हणून तिचं मन मोडायच्या नाहीत. डब्यातून एक शीत उचलायच्या, जिभेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "झालं वं माय, पोट भरलं. जेव तू आता." रोज तेच, एक-एक शीत.

मग माझी सुट्टी संपली, मी अहेरीला आले, आणि मध्येच एका बाजाराच्या दिवशी पुन्हा गेले. ऊन चांगलंच चढलं होतं. एक बाई मायसमोर बसून रोहूचा भाव करत होती. आत्ता इतका, मागच्या आठवड्यात तितका, डोकं मोठं आहे, वजन डोक्याचंच जास्त. मायचा हात विळ्यावर होता, मासोळी निम्मी साफ झालेली. अचानक तिनं विळा बाजूला सारला.

"थांबा बाई," ती म्हणाली. "मले भूक लागली."

गिऱ्हाईक म्हणालं, "अवो, आधी कापून तं द्या."

"नाई. मंग देतो. आधी जेवतो मी."

तिनं हात धुतले. झाडाखाली जायचीही वाट पाहिली नाही, टोपलीमागंच मांडी घातली, डबा उघडला, तूप-चूर्णाचा पहिला घास घेतला, आणि मग ती जेवत गेली. खाली मान घालून, भराभर नाही, पण मध्ये न थांबता. हात उजवीकडं गेला नाही. डावीकडं गेला नाही. ओळीतली एकही बाई तिच्याकडं पाहत नव्हती. कोणी बर्फ फोडत होती, कोणी माश्या हाकलत होती, म्हातारी मावशी उगाच तराजू पुसत होती. मी मागं उभी होते आणि तोंडात पदर कोंबून होते.

डब्याचा तळ बोटानं पुसून झाला तेव्हा तिला भान आलं. तिनं दचकून आजूबाजूला पाहिलं.

"आगं माय," ती म्हणाली, "कोनाले इचारलंबी नाई मी."

"आमी पाह्यलं ना," मावशी म्हणाली. "चाल, त्या बाईची मासोळी काप आता. कवाची बसली हाये बिचारी."